उतरणीचा ठोका

रात्रभर झोडपून पाऊस पहाटे थांबला होता. ऐप्पसीचा, परतीच्या पावसाचा महिना. आभाळात अजून काळं पाणी साठलेलं, नारळाच्या झावळ्यांतनं थेंब टपटपतायत, आणि वडवार नदीवरनं येणारा वारा असा ओला, की दोरीवरचं लुगडं कालपासून वाळलं नव्हतं. असल्या हवेत भात कांडायचं म्हणजे जिवाला ताप. दाणा सादळतो, मुसळाखाली मोडतो, कणी फार पडते, आणि ज्यांचं भात त्यांची बोलणी खावी लागतात.

वेंकूबाई तरीही कांडत होती. राजवाड्याच्या मागल्या गल्लीत तिचं कौलारू घर, घरापुढं छपरी, छपरीत उखळ. पदर कमरेला खोचलेला, मुसळ या हातातून त्या हातात, आणि तोंडातनं प्रत्येक घावाला ‘हं’. शेजारची शेषम्मा सूप घेऊन समोर बसली होती. वेंकूबाईनं कांडायचं, शेषम्मानं पाखडायचं, असं दोघींचं रोजचं.

“कोणाचं गं हे भात?” शेषम्मानं विचारलं.

“वादिराजपंताचं.”

शेषम्माचं सूप थांबलं. “त्याच्या घरचं? आणि तू कांडतेस?”

“भाताला काय ठाऊक, कोणाच्या पानावर जायचं अहे ते.”

“आज मोठी जेवणावळ अहे त्याची. कलेक्टर शाल घालणार, मग घरी येऊन पंक्ती. अस्कं गाव जेवणार म्हणे.” शेषम्मानं आवाज खाली आणला. “आणि तांदूळ तुझ्या हातचे. मी असते तर…”

“विष कालवलं असतंस?”

“अय्यो, विष कशाला? चार मुठी खडे टाकले असते. चावत बसला असता.”

“तू खड्यांवर भागवशील,” वेंकूबाई म्हणाली. “मला तेवढ्यानं पुरत नाही.”

आणि मुसळ पुन्हा उचललं. शेषम्मानं तिच्याकडं एकदा नीट बघितलं. वेंकूबाईच्या हाताला भाताच्या कोंड्याचा वास यायचा, तो आज नव्हता. आज वास होता कच्च्या कातड्याचा.

वेंकूबाई ही सेतुराम नगारचीची लेक. मराठ्यांनी तंजावूर घेतलं तेव्हा फौजेबरोबर जे नगारे आले, त्यांच्या मागोमाग हे घराणं आलं आणि इथलंच झालं. राजवाड्याच्या मोठ्या दरवाजावर नगारखाना, तिथं बापानंतर मुलगा, मुलानंतर नातू. सेतुरामाला मुलगा नव्हता. लेक होती, तीही कुंभकोणाला दिलेली. नवरा गेला आणि परत बापाच्या दारात आली. बाईमाणसानं नगाऱ्याची टिपरी धरायची नाही, हा घराण्याचा नेम. पण कातडं भिजवणं, केस खरवडणं, वाद्या ओढून ताणणं, निखाऱ्यावर शेकून सुरात आणणं, हे सगळं वेंकूबाईच करायची. सूर लागला की नाही ते बोटाच्या पेरानं वाजवून बघायला लागतं. त्यामुळं टिपरी न धरता तिला सगळे ठोके पाठ होते. पहाटेचा वेगळा, स्वारीचा वेगळा, राजपुत्र झाल्याचा वेगळा.

त्यातला एक उतरणीचा. मोठ्या दरवाजापुढनं कोणीही वाहनात बसून जायचं नाही, अशी राजवाड्याची रीत. पालखी असो, मेणा असो, घोडा असो. पालखी लांबून दिसली की नगारची उतरणीचा ठोका टाकायचा. तीन जड घाव, मग एक लांबलचक घरघर, आणि शेवटी तोडून एकच. त्या शेवटच्या घावाबरोबर भोई जिथं असतील तिथं पालखी जमिनीला टेकवायचे. आतला माणूस उतरायचा, जोडे काढायचा, दरवाजाकडं तोंड करून तीन मुजरे घालायचा आणि पालखीमागनं चालत पुढं जायचा. दरवाजा ओलांडला की पुन्हा बसा. सरदार असो की सावकार. गादीपुढं सगळे पायी.

मग महाराज वारले. पोटी मुलगा नाही म्हणून कंपनीनं राज्य खालसा केलं. गोरा साहेब शिपाई घेऊन राजवाड्याच्या दारांना लाखेच्या मोहरा लावायला आला, तेव्हा सेतुराम वर नगारखान्यात होता. त्यानं गजराचा ठोका सुरू केला. किल्ल्यात जेवढी माणसं होती तेवढी तरी गोळा व्हावीत, राण्यांच्या दारापुढं उभी राहावीत, एवढंच म्हाताऱ्याच्या मनात. चार घाव पडले असतील नसतील, तोवर वादिराजपंत जिना चढून वर आला.

हा वादिराजपंत राजवाड्याच्या जामदारखान्यावरचा कारकून. त्याच्या बापाला राजवाड्यानं घर दिलं, त्याला जानव्यापासून लग्नापर्यंत सगळं राजवाड्यानं केलं. साहेबापुढं उभं राहून कोणत्या दाराआड काय अहे ते यानंच दाखवलं. त्याच्या हातात बोरूची लेखणी तासायचा चाकू होता. वर येऊन त्या चाकूनं त्यानं थोरल्या नगाऱ्याचं कातडं या कडेपासून त्या कडेपर्यंत फाडलं. मग धाकट्याचं. मग चाकू धोतराला पुसला.

“आता बस, सेतुराम,” तो म्हणाला. “कोणाला उठवतोस? मेलेत सगळे.”

वेंकूबाई तेव्हा शेगडी घेऊन कोपऱ्यात उभी होती. पंतानं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

थोरला नगारा तांब्याचा होता, तो लिलावात गेला, कोणा भांडीवाल्यानं वितळवला. धाकटा लोखंडाचा आणि जड, कोणाला नको होता म्हणून फाटक्या तोंडानं तिथंच राहिला. सेतुराम त्यानंतर फार जगला नाही. नगारची मेला की नगाऱ्यावर एक घाव द्यायचा, मगच तिरडी उचलायची, ही त्यांच्या घराची चाल. बापाला अंगणात ठेवून वेंकूबाई वर गेली आणि फाटक्या कातड्यावर तिनं मूठ मारली. वाऱ्यानं दार हलावं तसा काहीसा आवाज आला. खाली कोणाला ऐकूही गेला नाही. बाप मुका गेला.

तेव्हापासून वेंकूबाई लोकांची भातं कांडते. राण्यांनी तिला नगारखान्यातल्या दिव्याचं काम ठेवलं होतं, ते मात्र तिनं सोडलं नाही. रोज तिन्हीसांजेला वर जायचं, नगाऱ्यापुढं पणती लावायची, वटवाघळं हाकलायची आणि खाली यायचं. त्या फाटक्या कातड्याकडं ती रोज बघायची. लोक म्हणायचे, बाई किती भाविक! कसली भाविक. जखम वाळू नये म्हणून खपली काढत राहतात, त्यातला प्रकार.

तिकडं वादिराजपंत फुगत गेला. कालव्यांचे मक्ते, तळ्यांचे मक्ते, तिरुवैयारूच्या वाटेवर नारळीच्या बागा. राजवाड्याच्या लिलावात त्यानं महाराजांची जुनी पालखी घेतली होती, दांडीला दोन्ही टोकांना चांदीची व्याघ्रमुखं असलेली. इतकी वर्षं ती ओसरीवर झाकून ठेवलेली. आता कलेक्टर शाल घालणार म्हटल्यावर ती बाहेर निघाली. आणि गावात बातमी फिरली, की पंत त्या पालखीत बसून मोठ्या दरवाजापुढनं जाणार. न उतरता.

कलेक्टरच्या बंगल्याला जायला दुसरी सरळ वाट होती. पण पंताला गावानं बघायला हवं होतं. नगारा मुका होता, गादी नव्हती, तरी आजवर त्या दरवाजापुढनं कोणी बसून गेलेलं नव्हतं. बैलगाडीवालेसुद्धा सवयीनं खाली उडी मारायचे.

बातमी कळली तशी वेंकूबाई उठली आणि भोयांच्या वस्तीत गेली. मारिमुत्तु हा जुना राजवाड्याचा भोई, पुढल्या दांडीचा म्होरक्या. आता भाड्यानं पालख्या वाहायचा. झोपडीपुढं बसून खांद्याच्या घट्ट्याला एरंडेल चोळत होता.

“मारिमुत्तु, पंताची पालखी तू उचलणार?”

“उचलणार, अक्का.”

“दरवाजापुढं खाली ठेव.”

मारिमुत्तु हसला. “आणि मग पाठीवर चाबूक खाऊ? राज्य होतं तेव्हा ठेवायचो, तेव्हा न ठेवण्याबद्दल चाबूक होता. आता ठेवण्याबद्दल अहे. पाठ तीच.”

“तुझ्या बापानं ठेवली. तुझ्या आज्यानं ठेवली.”

“त्यांना नगारा सांगायचा. मला कोण सांगतंय? तू?” तो पुन्हा तेल चोळायला लागला. मग सहज बोलावं तसं म्हणाला, “तुला एक गंमत सांगतों, अक्का. परवा मोठ्या देवळात ढोल वाजायला लागला. खांद्यावर पालखी नव्हती, काही नव्हतं, डोक्यावर केळीचा घड होता. तीन घाव ऐकले आणि माझे गुडघे आपले आपण वाकले. घड खाली! लोक हसले. आता म्हातारपणी या गुडघ्यांना कोण शिकवणार, की राज्य गेलं म्हणून?”

वेंकूबाई तिथनं उठली ती थेट चामडी कमावणाऱ्याकडं गेली. म्हशीचं कातडं मागितलं, बदल्यात कणीची भरली टोपली दिली. “छपरीत गळतंय, वर घालायला हवं,” असं सांगितलं. रोज तिन्हीसांजेला पणतीबरोबर पदराआड काहीतरी वर जायला लागलं. भिजवलेलं कातडं, वाद्या, खुंट्या. जुनं फाटकं कातडं तिनं उतरवलं आणि घडी करून कोनाड्यात ठेवलं. नवं ओढताना तळहाताची सालं निघाली. एकटीनं ओढायचं काम नव्हे ते. ती वादी दातात धरून, पाय नगाऱ्याला लावून ओढायची आणि प्रत्येक ओढीला मनात पंताचं तोंड धरायची.

तर असं ते कातडं बसलं होतं. पण आजची हवा!

“जाऊन येतों गं,” वेंकूबाईनं मुसळ भिंतीला टेकवलं.

“कोठें? अर्धी टोपली राहिली अहे.”

“आल्यावर.”

चुलीतले निखारे तिनं मडक्यात भरले, वर करवंट्या रचल्या, आणि मडकं पदराखाली धरून निघाली. शेषम्मानं विचारलं नाही. ती फक्त म्हणाली, “जपून. लुगडं पेटेल.”

नगारखान्यात अंधार आणि ओल. तिनं नगाऱ्यावर पेर मारलं. डब्… ओल्या गोधडीवर मारल्यासारखं. रात्रीच्या पावसानं कातडं पार सैल पडलं होतं. तिनं निखारे फुंकले, करवंट्या पेटल्या, मडकं नगाऱ्याच्या कडेनं फिरवायला लागली. फार जवळ नेलं तर कातडं करपतं, लांब धरलं तर काही होत नाही. बाहेर राजवीधीवर, दरवाजापुढच्या मोठ्या रस्त्यावर, माणसं जमायला लागली होती. जुने सरदार, त्यांच्या पगड्या, दुकानदार, देवळातले लोक. कोणी पंताला बघायला आलेले, कोणी नुसते दुःख करायला. लांबनं नादस्वर ऐकू आला. पंतानं वाजंत्री लावली होती.

पेर मारलं. डम्. अजून नाही.

आणि पावसाची भुरभुर सुरू झाली.

“पड की,” वेंकूबाई आभाळाला म्हणाली. “तूही त्याच्याच पंक्तीला जेवायला येणार असशील.” तिनं पदर काढून झरोक्यावर लावला, वारा अडवला, आणि मडकं नगाऱ्याच्या अगदी तोंडाशी धरलं. बोटं भाजली. धूर डोळ्यांत गेला. कातड्यातनं वाफ निघाली, मग वाफ थांबली. पेर मारलं.

ठण्.

बापानं मान हलवली असती असा सूर.

पदर बाजूला सारला तशी झरोक्यातनं पालखी दिसली. चांदीची व्याघ्रमुखं पावसात चकाकत होती. पुढं मारिमुत्तु, तोंडातनं भोयांची हुंकारी. आत लोडाला टेकून वादिराजपंत, नवा अंगरखा, जरीची पगडी. राजवीधीवर दरवाजापुढं रात्रीच्या पावसाचं डबकं साचलं होतं. लोक दोन्ही कडांना सरकले. पंतानं पडदा मुद्दाम वर केला आणि दरवाजाकडं बघत बसून राहिला.

वेंकूबाईनं बापाच्या टिपऱ्या उचलल्या. घराण्यात कोणत्या बाईनं हे केलं नव्हतं. तिनं त्याचा विचार एका श्वासात केला आणि सोडून दिला.

दण्ण. दण्ण. दण्ण.

राजवीधीवरच्या कबुतरांचा थवा उठला. मग घरघर, लांबलचक, हात भरून आले तरी तिनं तोडली नाही, बाप जेवढी लांबवायचा तेवढी लांबवली. नादस्वरवाला वाजवायचा थांबला. आणि शेवटचा, तोडून.

दण्!

मारिमुत्तुचे गुडघे वाकले. त्याच्या मागल्याचे वाकले. सगळ्या भोयांनी एका हुंकाराबरोबर महाराजांची पालखी बरोबर त्या डबक्यात टेकवली. आणि मग जे झालं ते गावानं पुढं कित्येक वर्षं एकमेकांना सांगितलं. वादिराजपंत खाली उतरला. कोणी ओढला नाही, कोणी सांगितलं नाही. त्यानं जोडे काढले, घोट्याएवढ्या चिखलात उभा राहिला, दरवाजाकडं तोंड केलं, आणि वाकून मुजरा घातला. एक. दुसरा. तिसऱ्याला तो वाकलेला असताना त्याला कळलं, आपण काय करतोय ते. तो तसाच राहिला, हात जमिनीजवळ, पगडी पुढं घसरलेली.

गर्दीतनं कोणा म्हाताऱ्या सरदाराचा आवाज आला, “शाब्बास पंत! अजून येतं की!”

मग हसू फुटलं. आधी एका कोपऱ्यातनं, मग सगळ्या राजवीधीतनं.

पंत मारिमुत्तुवर धावला. “कोणी ठेवायला सांगितलं रे तुला? चामडी सोलीन!”

मारिमुत्तु दोन पावलं मागं सरला, पण त्याच्या तोंडातनं निघून गेलं, “मी पालखी ठेवली, पंत. मुजरा घालायला मी कोठें सांगितलं?”

पंतानं वर बघितलं. झरोक्यात वेंकूबाई उभी होती. पदर खांद्यावर नव्हता, तोंड काजळीनं काळं, दोन्ही हातांत टिपऱ्या. ती लपली नाही. त्याला नीट दिसावं म्हणून उलट पुढं झाली. त्या दिवशी कोपऱ्यातल्या ज्या पोरीकडं त्यानं बघितलं नव्हतं, तिच्याकडं आता त्याला बघावं लागलं. ती नजर तिनं प्याली. सावकाश, पोट भरेस्तोवर.

कलेक्टरचा चपराशी सोबत होता, तो विचारायला लागला, “कोण वाजवतंय? पंत, तुम्ही बघितलंत?”

पंतानं घसरलेली पगडी सरळ केली. काय सांगणार? एका कांडप करणाऱ्या बाईनं मला पालखीतनं उतरवून चिखलात मुजरे घालायला लावले?

“कोणी नाही,” तो म्हणाला. “वर कोणी नाही.”

शाल त्याला मिळाली. चिखल उडालेल्या अंगरख्यावर मिळाली. पण संध्याकाळच्या आत गावानं त्याला दुसरं नाव देऊन टाकलं होतं, मुजरेपंत, आणि ते नाव त्याच्या नातवंडांच्या पत्रिका जुळवतानाही आधी यायचं.

वेंकूबाई घरी येऊन तोंड धूत होती, तोवर चपराशी चौकशीला आलाच. “नगारखान्याचा दिवा तूच लावतेस ना? आज वर कोण गेलं होतं?”

“मला काय ठाऊक,” वेंकूबाई म्हणाली. “नगाऱ्याला आमच्यात बाईनं हात लावायचा नसतो. लोकांना विचारा हवं तर.”

शेषम्मानं सूप आपटलं. “मेलेला सेतुराम आला असेल. जा, त्याला धरून ने.”

चपराशी निघून गेला. त्याच्या मागोमाग राण्यांचा म्हातारा कारभारी वेंकटराव आला. दाराशीच उभा राहिला. त्याच्या मिशीखाली काहीतरी हलत होतं, ते तो दाबत होता.

“वेंकू, नगारखान्याला कुलूप घातलंय. कलेक्टरकडनं बोलणं यायच्या आधी घातलेलं बरं. आईसाहेबांचा हुकूम.”

“आणि दिवा?”

“दिवा खाली, देवडीतल्या कोनाड्यात लावायचा.” तो जायला वळला आणि पुन्हा फिरला. “कोणी वाजवला ते तुला विचारायचं नाही, असाही हुकूम अहे. आणि आज आईसाहेबांनी दोन घास जास्त घेतले, एवढं तुला सांगून टाकतों.”

तो गेला. वेंकूबाईचा हात तोंड पुसता पुसता पदरावरच थांबला.

“काय झालं गं?” शेषम्मानं विचारलं.

“बापाचा राहिला.”

“काय राहिलं?”

“एक ठोका. तो मेला तेव्हाचा. टिपऱ्या हातात होत्या, कातडं सुरात होतं. त्या मेल्या पंताच्या तोंडाकडं बघत राहिले आणि बापाचा राहिला.” ती उखळाकडं बघत म्हणाली. “आता कुलूप.”

शेषम्मानं पाण्याचा तांब्या तिच्यापुढं सरकवला. भुरभुर थांबली होती. गल्लीतनं पंताच्या घरच्या पंक्तीला निघालेली माणसं हसत चालली होती. कोणी चिखल चुकवताना उगाच वाकून मुजरा घालत होतं.

“कुलूप लोखंडाचं अहे,” वेंकूबाई म्हणाली. “गंजेल. कातडं नवं अहे, टिकेल.”

तेवढ्यात पंताच्या घरची मोलकरीण धापा टाकत आली. “तांदूळ कमी पडतायत, अजून किती वेळ? माणसं मावेनात. न बोलावलेलेसुद्धा आलेत, अस्के पंताचं तोंड बघायला बसलेत.”

“पंत जेवतोय का?”

“कसला जेवतोय. पान तसंच.”

“बस जरा,” वेंकूबाईनं पदर कमरेला खोचला. “देतों. पंक्ती मोडायला नको. सगळ्यांनी पोटभर बसून बघू दे.”

राहिलेली अर्धी टोपली तिनं उखळात ओतली. भाजलेल्या बोटांवर फुंकर घातली, मुसळ उचललं आणि कांडायला लागली.